मेव्हण्यावर पहारा

सोमवार, ४

उद्या मेव्हणा येतो आहे. कायमचा नाही, महिनाभर बघायचं आणि मग ठरवायचं, असं त्याच्या उपचार केंद्रातल्या बाई म्हणाल्या. बायकोने मधल्या खोलीतलं माझं टेबल हलवून तिथे त्याची खाट टाकली आणि वर मलाच विचारलं, "तुमचं काही म्हणणं नाही ना?" टेबल हलवून झाल्यावर विचारायची ही तिची जुनी पद्धत.

माझं म्हणणं आहे. बसमध्ये तिकीट तपासण्यात माझा जन्म गेला. फुकट्या माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच पाहतो, हे मला पाठमोऱ्या मानेवरूनही कळतं. कामावर असताना दिवसाचा सगळा प्रकार लिहून ठेवायची सवय होती. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही घडेना, म्हणून वही बंद पडली. आता परत उघडली आहे.

मेव्हणा चाळिशीचा आहे, समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. तीन वर्षांपूर्वी बागेत त्याने एका लहान मुलीच्या अंगाला नको तिथे हात लावला. ती रडत घरी गेली आणि तिने आईला सांगितलं. तिने सांगितलं हे फार बरं झालं. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी उपचार केंद्रात पाठवलं. त्याला काही कळत नव्हतं असं बायको म्हणते. बाई तसं म्हणत नाहीत. थोडं कळत होतं, आता पुष्कळ कळतं, असं त्यांचं मत. या 'पुष्कळ'वर माझा भरवसा नाही.

मंगळवार, ५

आला. जाड झालाय. आल्या आल्या त्याने ताईला मिठी मारली आणि माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं, माझ्यावर राग असेल. बाई म्हणाल्या, तसं नाही, मिठी कोणाला, हात कोणाला आणि लांबून नुसता नमस्कार कोणाला, हे त्याला केंद्रात जमिनीवर दोरीची गोल रिंगणं करून शिकवलंय. सगळ्यात आतल्या रिंगणात फक्त बहीण. मी दुसऱ्या रिंगणात आहे. लहान मुलं कुठल्याच रिंगणात नाहीत.

मग बाईंनी त्याचे चार पत्ते टेबलावर मांडले. त्याला वाचता येत नाही म्हणून चित्रं. एकावर उघडा पंजा, एकावर पाठमोरा माणूस, एकावर बोलणारं तोंड आणि एकावर कपड्यांची घडी. लहान मूल एकटं दिसलं, किंवा मनात नको तो विचार आला, की थांबायचं, पाठ फिरवायची, जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं आणि मग आपल्या कामाला लागायचं. त्याचं काम कपड्यांच्या घड्या घालणं. केंद्राच्या धुलाईघरात तो तेच करायचा.

"तिसरा पत्ता तुमचा," बाई मला म्हणाल्या. "त्याने सांगितलं की ऐकून घ्यायचं. रागवायचं नाही. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढंच म्हणायचं."

चोराने चोरी सांगितली की त्याची पाठ थोपटायची, असा हा उपचार. मी मान डोलावली. वरच्या मजल्यावर एक आठ वर्षांची मुलगी राहते. तिच्या आईला बाईंनी स्वतः भेटून सगळं सांगितलंय. ठरलंय असं की शाळा सुटायच्या वेळी आमचं दार आतून बंद, मेव्हणा आत आणि मी त्याच्याजवळ. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, त्यामुळे पहारा माझ्याकडे. त्या आईने या एका अटीवर होकार दिला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून."

गुरुवार, ७

दोन दिवस डोळ्यात तेल घालून पाहतो आहे. घरात घडी न घातलेलं एकही फडकं उरलं नाही. माझे रुमाल त्याने असे रचलेत की घ्यायला हात धजत नाही. बायको खूश. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. इतकं सरळ वागणारा माणूस मी बसमध्ये तरी पाहिला नाही.

चहात साखर कमी झाली का विचारलं, हो म्हणाला. जास्त झाली का विचारलं, त्यालाही हो म्हणाला. माझी थट्टा करतो की काय?

शनिवार, ९

आज बायको घरी होती म्हणून तिघे बाजारात गेलो. एका दुकानापाशी बाबागाडी उभी होती. हा गर्रकन वळला आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिला. लोक बघायला लागले. बायकोने जवळ जाऊन काहीतरी ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं बटाटे निवडायला लागली. मी चार पावलं मागे राहिलो, जणू यांच्यातला नव्हेच. घरी आल्यावर बायको बटाटे काढून ठेवत होती. मी म्हटलं, पाठ केलेलं दिसतंय सगळं. ती म्हणाली, तुम्हीही तिकिटाचे नियम पाठच केले होते.

मंगळवार, १२

केंद्रात गटाची बैठक होती. दर मंगळवारी असते. त्याच्यासारखे पाच-सहा जण गोल बसतात. घरच्यांना आज आत बसू दिलं. एकजण म्हणाला, मी ज्या मुलीला त्रास दिला ती रात्री घाबरते, मला आता ते कळतं. दुसऱ्याने विचारलं, कसं कळतं? तो म्हणाला, मलाही लहानपणी एकाने त्रास दिला होता आणि मीपण घाबरायचो, पण माझं कोणी ऐकलं नाही. त्या क्षणी मला ते खरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. परत येताना मात्र वाटलं, शिकवलेलं असेल.

मेव्हण्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी घरी आहे. ताई आहे. भाऊजी आहेत. खिडकीतून शाळेच्या मुली दिसतात. मी वळतो. मी भाऊजींना सांगतो."

मला त्याने अजून काहीही सांगितलेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

बुधवार, १३

सांगितलं! आज दुपारी मी पेपर वाचत होतो. खिडकीपासचे कपडे काढता काढता हा एकदम भिंतीकडे वळला आणि म्हणाला, "भाऊजी, मुलगी दिसली."

माझ्या अंगातला चेकर जागा झाला. कुठली मुलगी? वरची? हो. आज दिसली? हो. कालही? हो. तू जिन्यात गेलास? हो. तिच्याशी बोललास? हो. मी उठून उभा राहिलो. हात लावलास? हो म्हणाला, आणि मग रडायला लागला.

बायकोला दुकानात फोन केला, बाईंना फोन केला. वरच्या दारावर जायची माझी हिंमत झाली नाही. बाई तासाभरात आल्या. मी जे विचारलं ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं आता त्या त्याला घेऊन जातील, आणि खरं सांगायचं तर जीव भांड्यात पडल्यासारखं झालं.

त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग सहज विचारलं, "तू काल विमान चालवलंस?" हो म्हणाला. "भाऊजी विमानात होते?" हो म्हणाला. त्याला रागावलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, असं बाई म्हणाल्या. आयुष्यभर हो म्हटल्यावरच लोक त्याला सोडून द्यायचे. मग त्यांनी चित्रांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते लाव, म्हणून सांगितलं. त्याने आधी खिडकी लावली, मग रस्ता, मग पाठमोरा माणूस, मग बोलणारं तोंड. जिन्याचं चित्र उचललंच नाही. तरीही बाई त्या मुलीच्या आईशी फोनवर बोलल्या. मुलगी काल आणि आज शाळेतून थेट आईबरोबर मावशीकडे गेली होती. रस्त्यावरून जाताना खिडकीतून दिसली असेल तेवढीच.

"त्याने आज अगदी बरोबर केलं होतं," बाई म्हणाल्या. 'त्याने'वर त्यांनी जरा जोर दिला असं मला वाटलं.

गुरुवार, १४

रात्रभर विचार केला. हा कशालाही हो म्हणतो, तर मग त्याच्या बोलण्याला अर्थ काय उरला? कालचा प्रसंग परत नको. माझं वय झालंय, छातीत धडधडतं. आज सकाळी बायको गेल्यावर मी त्याला शांतपणे समजावलं की असलं काही वाटलं, दिसलं, तर मला सांगत बसू नकोस, मंगळवारी बाईंना सांग. रागावलो नाही, उलट गोड बोललो. कळलं का, विचारलं. हो म्हणाला.

बायकोला हे सांगितलं नाही. तिला कशाला उगाच ताप.

मंगळवार, १९

चार-पाच दिवस छान गेले. एकदाही भिंतीकडे तोंड नाही, 'मुलगी दिसली' नाही. खिडकीपाशी उभा राहतो, बघतो आणि गुमान आत येतो. माझी मात्रा लागू पडली. दोन वर्षं चित्रं दाखवून जे साधलं नाही ते मी एका वाक्यात केलं, असं बायकोला सांगावंसं वाटलं. पण मग ते वाक्यही सांगावं लागलं असतं.

गटात आज तो काही बोलला नाही. पाळी आली तेव्हा खाली मान घालून बसला. शेवटी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही बदललंय का? मी म्हटलं, छे, काही नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी बाहेर उभ्या गाड्या पाहत राहिलो.

शुक्रवार, २२

आता वेगळीच शंका येते आहे. हा बोलत का नाही? त्या दिवशी आपणहून सांगितलं, आता तोंडाला कुलूप. ताईशी बोलतो ते कपड्यांचं, जेवणाचं. जेवण निम्मं टाकतो. काल शाळा सुटायच्या वेळी मी स्वयंपाकघरातून डोकावलो, तर हा आपले दोन्ही हात काखेत दाबून खोलीच्या मध्यभागी उभा होता. मला पाहून लगेच घडी घालायला बसला. घडी आधीच घातलेल्या चादरीची.

गप्प माणसावर जास्त लक्ष ठेवायचं, हा माझा कामावरचा नियम होता. बडबड करणाऱ्याकडे तिकीट असतं. मेव्हण्याच्या मनात काय चाललंय ते विचारून कळणार नाही, विचारलं तर हो म्हणेल. बायको भावासाठी आंधळी. बाईंना त्यांच्या उपचाराचं कौतुक. म्हणजे खरं काय ते मलाच शोधलं पाहिजे.

सोमवार, २५

चेकर दिसत असेल तर कोणीही सरळ वागतो. म्हणून आम्ही कधी कधी साध्या कपड्यात मागच्या दाराने चढायचो आणि दोन थांबे नुसते बसून राहायचो. माणसाचं खरं रूप कोणी पाहत नसताना कळतं. हा विचार दोन दिवस डोक्यात घोळतो आहे. एकदा पाहून टाकावं. वाईट निघाला तर वेळेवर कळेल, चांगला निघाला तर माझी झोप परत येईल. दोन्हीकडून फायदाच.

बुधवार, २७

उद्या. आमच्या जिन्याच्या मधे पोकळी आहे. चौथ्या मजल्याच्या वळणावर कठड्याआड उभं राहिलं की खाली दुसऱ्या मजल्यावरचं आमचं दार स्पष्ट दिसतं. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला चौथ्यापर्यंत यायचं कारण नाही. तिची आई खाली फाटकापाशी तिला आत सोडते आणि परत कामावर जाते. वर आजी असते. काही वेडंवाकडं झालंच तर मी धावत एका दमात खाली. गुडघा तेवढा साथ देवो.

गुरुवार, २८

हे लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

शाळा सुटायच्या आधी मी त्याला म्हटलं, जरा जाऊन येतो. दार मुद्दाम उघडं ठेवलं. वर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने तो दारात आला. बहुतेक मला शोधायला. बाहेर आला, खाली पाहिलं. तेवढ्यात मुलगी जिना चढत आली, दप्तर पाठीवर, काहीतरी गुणगुणत.

तो थांबला. पंजा उघडून आपल्याच छातीवर ठेवला. मग वळला आणि भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला. म्हणाला, "भाऊजी."

मी हललो नाही. पुढे काय करतो ते पाहायचं होतं.

मुलगी त्याच्या मागेच थांबली. लहान पोर, तिला काय कळणार. "काका, तुम्हाला बरं नाही का?" म्हणाली. तो जास्तच भिंतीत घुसला. "भाऊजी. भाऊजी, मुलगी आहे." आवाज कापत होता. ती एक पायरी त्याच्याजवळ सरकली. त्याने दोन्ही हात काखेत दाबले. "भाऊजी, या ना." आणि मी कठड्याला धरून श्वास रोखून पाहत होतो, जसा बसमध्ये पाहायचो. मनात काय होतं तेही लिहितो. मनात होतं, आता. आता कळेल.

मुलगी घाबरून वर पळाली. दाराची घंटा वाजली, आजीने तिला आत घेतलं. तो तसाच. हाका थांबल्या नाहीत. मग मला खाली बायको दिसली. दुकानातून लवकर सुटली होती. तिने पिशवी पायरीवर ठेवली, त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "ताई, मुलगी दिसली," तो म्हणाला. "मी वळलो. मी सांगितलं. भाऊजी नाहीत." "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. थेट माझ्याकडे.

मी खाली उतरलो तोवर तिने त्याला आत नेऊन खाटेवर बसवलं होतं. माझ्याशी ती स्वयंपाकघरात बोलली, हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "त्याच्यावर विश्वास नव्हता तर मला सांगायचं. ती पोर काय गळाला लावायला आणली होती तुम्ही?"

मी म्हटलं, मी होतो ना तिथे.

"तुम्ही होतात," ती म्हणाली. "तेच तर."

मग कधी ना कधी ते बाहेर येणारच होतं म्हणून मी दोन आठवड्यांपूर्वी त्याला काय बजावलं होतं तेही सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि त्याच्या खोलीत जाऊन बसली.

शुक्रवार, २९

बायको सकाळीच वर गेली आणि त्या मुलीच्या आईला सगळं सांगून आली. मला लपवायचं होतं असं नाही, पण इतक्या लगेच सांगायला हवं होतं का, असं मी म्हटलं. त्यावर ती मेव्हण्याचा चहा ठेवायला गेली.

थोड्या वेळाने ती आई आमच्या दारात आली. आत आली नाही. मला वाटलं होतं ती मेव्हण्याबद्दल बोलेल, आरडाओरडा करेल. ती शांत होती, तेच अवघड गेलं. म्हणाली, "त्यांच्याबद्दल मला आधी सगळं सांगितलं होतं. तुमच्याबद्दल कोणी सांगितलं नव्हतं." आणि वर गेली.

मी किती वेळ दारातच उभा होतो. मला लाज वाटली. अशी लाज नोकरीत कधी वाटली नव्हती.

दुपारी बाई आल्या. त्याच्याशी चित्रांवरून बोलल्या, मग माझ्याशी. मला वाटलं होतं झाडतील. त्या फक्त विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. शेवटी म्हणाल्या की त्याने केलेलं वाईट होतं, ते तो विसरणार नाही आणि आपणही विसरायचं नाही. पण त्याचा सगळा तोल तिसऱ्या पत्त्यावर आहे. दोन आठवडे तो पत्ता बंद होता, आणि ते दोन आठवडे तो, वरची मुलगी, सगळेच धोक्यात होते. या घरात आत्ता त्याला ठेवता येणार नाही. रविवारी केंद्राची गाडी येईल. वर्षभरात पुन्हा विचार करू, पण तेव्हा दुपारी घरी दुसरं कोणीतरी लागेल.

म्हणजे पहारेकरी बदलायचा. बायको 'बरं' म्हणाली.

रविवार, ३१

बायकोने त्याची बॅग भरली. तो प्रत्येक कपडा परत काढून, घडी सारखी करून ठेवत होता. जायचंय हे त्याला बाईंनी नीट समजावलंय. रागावलेला दिसला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. बायको चपला घालायला बाहेर गेली तेव्हा आम्ही दोघंच खोलीत होतो.

"भाऊजी," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

बाजारात गेलो होतो म्हणावं, असं अगदी ओठावर आलं. त्याने ते मानलं असतं. तो कशावरही विश्वास ठेवतो.

"वर होतो," मी म्हटलं. "जिन्यात."

"माझी हाक ऐकू नाही आली?"

"आली."

त्याने विचार केला. कपाळाला आठ्या घालून पुष्कळ वेळ केला. मी वाट पाहत होतो की आता तो विचारेल, मग आला का नाहीत, आणि मला उत्तर द्यावं लागेल. त्याने तसं विचारलं नाही.

"मी हळू मारली," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मोठ्याने मारतो."

मग त्याने माझ्याशी हात मिळवला, बॅग उचलली, आणि ताईच्या मागे जिना उतरून गेला.